नॉर्मल घनमीटर

बाटल्या भरायचं यंत्र इटलीहून आलं.
त्याच्या पुस्तकात : नायट्रोजन,
तासाला बारा नॉर्मल घनमीटर.
आमच्या रोटामीटरवर लिटर, मिनिटाला.
कॉम्प्रेसरच्या पाटीवर घनफूट.
वायू एकच.

बारा गुणिले हजार, भागिले साठ.
दोनशे.
वहीच्या मागच्या पानावर केलं,
तरंगता गोळा दोनशेवर आणला
आणि चहाला गेले.

दोन महिन्यांनी पेट्या परत आल्या.
पांढरी वाइन पिवळी पडलेली,
चव कापून ठेवलेल्या सफरचंदाची.
खैरनार मामांनी माझी वही मागितली नाही.
पुस्तक उघडलं, एका शब्दावर बोट ठेवलं :
पगार मॅडम, हा वाचला होता?

वाचला होता.
मला वाटलं, आपण फोनवर विचारतो तसाच असेल.
घरी सगळं नॉर्मल ना?
हो हो, नॉर्मल.

नॉर्मल म्हणजे शून्य अंश.
नॉर्मल म्हणजे समुद्रकाठची हवा.
समुद्र कसारा घाटाच्या पलीकडे,
सहाशे मीटर खाली,
आणि गंगापूर धरणाच्या अलीकडे आमच्या पत्र्याखाली
त्या दिवशी चौतीस अंश.
म्हणजे पंचवटीपासून पाथर्डी फाट्यापर्यंत
या गावात एकही लिटर नॉर्मल नाही.
सगळे थोडे फुगलेले, आतून विरळ.

तीनशे सात भागिले दोनशे त्र्याहत्तर.
एक हजार तेरा भागिले नऊशे पंचेचाळीस.
दोनशेचे झाले दोनशे एक्केचाळीस.
मिनिटाला एक्केचाळीस लिटर मी दिलेच नव्हते,
आणि बाटलीच्या गळ्यातली तेवढी जागा
ऑक्सिजनने बिनबोभाट घेतली.

माझा भाऊ पिंपळगावला टोमॅटो नेतो.
बोली कॅरेटवर लागते, पण व्यापारी आधी
कॅरेटच्या काठावरून तळहात फिरवून बघतो :
सपाट, की शीग?
मापाला शीग लागते हे मला लहानपणापासून ठाऊक.
वायूलाही लागते,
हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

आता भिंतीवर तक्ता आहे,
अंशागणिक, माझ्या अक्षरात.
मामा त्याच्याकडे बघत नाहीत.
नळीच्या उघड्या तोंडाशी कान नेतात,
नॉब फिरवतात, म्हणतात : एवढं.

जानेवारीत एका पहाटे पारा सहावर होता.
तक्ता म्हणाला दोनशे एकोणीस.
मामांचं एवढं निघालं दोनशे पंधरा.
मी हळूच चार लिटर वाढवले.
त्यांनी बघितलं,
स्वेटरची बाही खाली ओढली
आणि चहाला गेले.