ढ

वडाळ्याला, ट्रक टर्मिनलच्या गेट नंबर चारपाशी
बाबा गाड्यांच्या पाठीवर अक्षरं काढायचे.
दोरीला खडू चोळायचा, एकेक टोक दोघांनी धरायचं,
मधोमध चिमटीत उचलून सोडायचं :
टण्ण.
पत्र्यावर पांढरी सरळ रेघ.
माझी पहिली शाळा ती. फी नव्हती,
फक्त सुटताना रॉकेलने हात धुवावे लागत.

दुसऱ्या शाळेत मी ढ होते.
पाटकरबाईंनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं,
कारणही दिलं, बाई अभ्यासू होत्या :
"दोन हजार वर्षांत सगळी अक्षरं बदलली.
ढ तेवढा होता तसाच. म्हणून ढ."
वर्ग हसला. मीही हसले,
मग कशाला हसतेय ते कळलं.

संध्याकाळी बाबा एका टँकरवर
'ढमढेरे ट्रान्सपोर्ट' लिहीत होते.
ऐकून घेतलं. ब्रश कानावर खोचला.
"क कुणीही काढेल गं. ढला हात लागतो.
बाहेरून वळत यायचं, आत शिरायचं,
आतल्या गाठीपाशी श्वास धरायचा.
आणि मधली जागा रंगवायची नाही.
ती ठेवायची."

एलिमेंटरीला बी मिळाली.
इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात आला बाजार,
किमान तीन मानवाकृती.
मी काढला रात्री अकराचा बाजार :
धुतलेले ओटे, उलटी टोपली, तराजूखाली झोपलेलं कुत्रं.
माणसं नुकतीच गेलीत, हे दिसावं म्हणून
ओट्यांमध्ये बरीच जागा ठेवली.
सी.

फ्लेक्स आला त्याच वर्षी.
बाबांनी ब्रश धुतले, तेल लावून
वर्तमानपत्रात गुंडाळले,
कुणी गावाला जाताना भांडी गुंडाळावीत तसे.
मग त्याच गेटवर पार्किंगच्या पावत्या फाडू लागले.
माझा डिप्लोमा त्या पावत्यांवर झाला.
तिथे एका सरांनी अंधार करून, स्लाइड लावून
दीड तास निगेटिव्ह स्पेस शिकवली.
सगळे भराभर लिहून घेत होते.
मी समासात एकच अक्षर काढलं आणि बाहेर येऊन चहा प्यायले.

आता अँटॉप हिलच्या महापालिका शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
आठवड्याला माझा एक तास.
तोही गणिताच्या बाई मागून नेतात, पोर्शन राहिला की.
काल टेबलावर बादली ठेवली, शेजारी दोन कांदे.
मुजम्मिलने नुसती सावली काढली.
लांबट, कडेला निळसर,
कांद्यांच्या सावल्या तिला बिलगून.
"बादली कुठाय रे?"
"ती आहेच की समोर, टीचर. काढायची कशाला?"

लाल पेन हातात. शेरा सुचेना.
कोपऱ्यात एक ढ काढला,
बाहेरून वळत, आत शिरत,
गाठीपाशी श्वास धरून.
इतका चांगला ढ मला आजवर जमला नव्हता.

मान वर केली तर
पोराचे डोळे भरलेले.

अरे, नाही रे, म्हणेपर्यंत
घंटा झाली,
आणि दारात गणिताच्या बाई,
डस्टर घेऊन.