शेवटची तारीख एकतीस

चौतीस वर्षं मी लोकांना सांगितलं,
इथे सही करा, इथे, आणि मागच्या पानावरही.
कुणी विचारलंच, "बहनजी, लिखा क्या है इसमें?"
तर मी मागची रांग दाखवायचे.

आज जनकगंजात आमच्या छतावर
पौषाच्या उन्हात फॉर्म माझ्यासमोर आहे.
मागे रांग नाही
आणि मला वाचता येत नाही.

पहिला चौकोन: बँकेची सामूहिक पॉलिसी.
अर्धा हप्ता बँक भरेल. कुठवर,
ते खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत.
दुसरा चौकोन: नको.
एकदा नको म्हटलं की ते दार परत उघडत नाही.

अच्युतरावांना सत्तर पूर्ण झाली,
त्यांचं सरकारी कार्ड आलं,
रेशनकार्डाशेजारी डब्यात ठेवलंय.
"मला कशाला तुझी पॉलिसी?
हजार बिस्तर अस्पतालात एक बिस्तर माझं धर."
कार्डाला माझं वय दहा वर्षं कमी पडतं,
पॉलिसीला त्यांचं जास्त होतं.

तोमरबाई म्हणाल्या, खासगीच बरं,
खाली माशांची टाकी आहे, नर्स नावाने हाक मारते.
कुशवाह म्हणाला, त्या माशांचा दाणाही बिलात असतो.
मग त्यानेच सांगितलं,
सरकारीत त्याची आई तीन दिवस गॅलरीत होती.
डॉक्टर मात्र एकच,
सकाळी तिकडे, संध्याकाळी इकडे.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार केला.
तो मला येतो.
हप्ता दर वर्षी वर सरकतो,
पेन्शन बसली आहे तिथेच बसते.

रकाना सहा: पूर्वीचे आजार.
माझे लिहिले. शुगर, २०११. डावा गुडघा.
त्यांचे विचारले.
"खोकला लिही. पण तो आजार नव्हे,
घरात आल्याची वर्दी आहे."

आमचं खातं आयदर ऑर सर्व्हायवर.
किती नव्या जोडप्यांच्या फॉर्मवर मी ती खूण केली,
ती एकमेकांकडे बघत असायची,
मी पहिल्या शब्दावर बोट ठेवायचे
आणि पुढचं पान उलटायचे.
दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो.

जोडीदाराच्या ओळीवर मी रेघ मारली.
पेन्सिलीने. अजून चार दिवस आहेत.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
एका कागदावर मी एकटी.

ते वर आले, चहा आणि मुरैन्याची गजक घेऊन.
(शुगर, २०११. एक तुकडा घेतला.)
मी म्हटलं, तुमची संमती लागते,
इथे सही करा, आणि इथे.

चष्मा खालीच राहिला होता त्यांचा.
"लिहिलंय काय यात?"

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली.
कलम, उपकलम, वगळलेले आजार,
मुंगीच्या पायांची ओळसुद्धा.
तिसऱ्या पानावर ऊन गेलं.
त्यांनी मोबाईलचा उजेड धरला,
हात हलत होता थोडा,
अक्षरंही हलत होती,
आणि मी म्हटलं, थांबा, ही ओळ परत वाचते.