कोपरापर्यंत

मंगळवारी माझी सुट्टी.
शारजाहून पहाटेची बस, अबू धाबीत उतरून दुसरी,
मग उन्हात वीस मिनिटं, समुद्र डाव्या हाताला.
पर्समध्ये उम्म राशिदने दिलेलं तिकीट.
"तुझ्या कामाचं चित्र आहे तिथे," ती म्हणाली होती,
"बघून ये. मला जिने चढवत नाहीत."

मला वाटलेलं, दाराएवढं असेल.
वहीच्या दोन पानांएवढं निघालं.

एक बाई. पाठमोरी.
परकर कमरेशी गोळा, खांदे उघडे,
ओले तांबूस केस एका अंगाला ओढलेले,
मणका न मणका मोजून घ्यावा.
पाटीवर लिहिलंय: फ्रान्स, एकोणिसावं शतक, रंगीत खडू.
आणि खाली: एकांतातली स्त्री.

एकांत?

उजव्या कडेला दोन हात आहेत.
कोपरापर्यंत. पुढे चौकट संपते.
एकात फणी, दुसऱ्याच्या मुठीत केसांचा जुडगा.

गुंता सोडवताना मूठ
मुळाच्या आणि फणीच्या मधे धरायची,
म्हणजे ओढ मुठीला बसते, डोक्याला नाही.
हे मला वेंगुर्ल्यात कुणी शिकवलं नव्हतं,
अजमानच्या पहिल्या नोकरीत एका गिऱ्हाइकाने
कंगवा हिसकावून शिकवलं.
या हातांना येतं ते.
मूठ अगदी जागच्या जागी.

म्हणजे त्याने नीट बघितलं होतं.
मानेवरची लव, जस्ताचा टब,
करंगळीची भेगसुद्धा, सोड्याने पडते तसली.
एवढं सगळं बघितलं
आणि तिचं तोंड ठेवलं बाहेर.

मला राग आला. मग वाटलं,
तीच म्हणाली असेल, हात काढा साहेब, तोंड नको,
गावी कळलं तर.
मीही घरी सांगितलंय, ऑफिसात आहे, फायली लावते.
आमच्या पार्लरच्या व्हिडिओत
केस असतात, फेस असतो, ब्रश असतो,
आणि माझे हात, कोपरापर्यंत.
चाळीस हजार लोकांनी बघितलेत.
भावोजींनीही बघितले असतील.
ओळखायचे कशावरून?

"मॅडम, रेषेच्या मागे," पहारेकरी म्हणाला.
नेपाळी पोरगा, बूट नवे, चावत असावेत.
मी मागे झाले. बाई हलली नाही.
तिचं डोकं त्या मुठीच्या भरवशावर कललेलं होतं,
झोपेत बाळ टाकतं तसं, सगळं वजन.
डोक्याचं वजन किती असतं
हे विंचरणाऱ्यालाच माहीत.

बुधवारी उम्म राशिद आली. मेंदी धुवायची होती.
या पाण्याने तिचे केस गेले, म्हणते.
समुद्र कितीही गोड करा,
केसांना कळतं.
"बघितलंस?"
बघितलं.
"काय होतं?"
एक बाई होती. दुसरी तिचे केस विंचरत होती.
"हळू?"
हळूच.
तिने डोळे मिटले आणि डोकं माझ्या तळहातात सोडलं.
नवरा जाऊन अकरा वर्षं झाली तिचा.
लेकी कॅनडात.
आठवड्यातून एकदा तिच्या डोक्याला हात लागतो
तो माझा, पंचाहत्तर दिरहम तासाला.

विंचरून झाल्यावर गुंतवळ टिपकागदात बांधून दिली.
ती कचऱ्यात टाकू देत नाही,
घरी नेऊन बोरीच्या बुडाशी पुरते.
आई भिंतीच्या भोकात खुपसायची,
वर्षातून एकदा बाई यायची, गुंतवळ घेऊन सुया द्यायची,
मुठीएवढ्या केसांना दोन.

मग रात्री खोलीवर, वरच्या बंकावर,
एकदम आठवलं:
चित्रातल्या फणीत एकही केस अडकलेला नव्हता.
एवढं एक तो विसरला.
नाहीतर तिनेच आधी काढून
बोटाला गुंडाळून ठेवले असतील,
चौकटीच्या पलीकडे, एप्रनच्या खिशात.