बिल्ला नसलेला खिळा

कोहत्ला-यार्वेच्या वाचनालयात, मंगळवारी आणि गुरुवारी,
आम्ही नऊ जण. खाण बंद झाल्यावर उरलेले.
सगळ्यांत म्हातारी मी, अग्निया. सत्तावीस वर्षं दिवेघरात:
खाली जाणाऱ्याला दिवा द्यायचा, वर आलेल्याकडून घ्यायचा,
एवढंच काम.

शिकवायला ऊर्मास. माझ्या धाकट्यापेक्षा लहान.
म्हणतो, व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेली जागा,
आतलं बदलतं, नाव तेच राहतं.
मी म्हटलं, खिळा.
काय?
खिळा. भिंतीवर दोनशे चाळीस होते,
प्रत्येकाखाली आकडा, प्रत्येकावर पितळी बिल्ला.
माणूस उतरला की बिल्ला त्याच्या गळ्यात.
खिळा रिकामा म्हणजे माणूस जमिनीखाली.
तो खडू हातात धरून जरा वेळ उभा राहिला.
म्हणाला, हेच. याहून वेगळं काही नाही.

मग माझी भीती मोडली.

बरोबरचं चिन्ह बरोबरी सांगत नाही, ठेव म्हणतं:
उजवीकडचं उचल, डावीकडच्या खिळ्याला अडकव.
विचारायचं असेल तर तेच दोनदा काढायचं.
एक चिन्ह हुकूम, दोन चिन्हं प्रश्न.
(आमच्या मुकादमाला एवढं कळतं
तर अर्धी भांडणं झाली नसती.)

जर, नाहीतर. त्यात नवीन ते काय?
जर श्वासाला दारूचा वास, तर दिवा नाही.
नाहीतर हा घे, आणि जा बाबा सांभाळून.

ऊर्मास एका भाषेत लिहितो, फळा पुसून तेच दुसरीत.
इथे महिरपी कंस, तिथे नुसती चार जागांची मोकळीक,
इथे ओळीशेवटी अर्धविराम विसरलात तर यंत्र रुसतं,
तिथे त्याची कुणाला आठवणही नाही.
हे मला समजावून सांगावं लागत नाही.
माझ्या डोळ्यांदेखत या गावाच्या पाट्या बदलल्या, लिपीसकट.
पगारपत्रक दुसरंच बोलू लागलं,
'धन्यवाद' मी चाळिशीत नव्याने गिरवला.
पण दोन टोले म्हणजे खाली, तीन म्हणजे वर,
त्याला कुणी हात लावला नाही.
तीन दिले की कुठेतरी चाक फिरे, दोर ताणला जाई.
कसं, ते मी सत्तावीस वर्षांत पाहिलं नाही.
फंक्शन, ऊर्मास म्हणाला. पाहायची गरज नसते.

मोजणी शून्यापासून, यावर वेनियामिन अडून बसला.
पहिल्याला शून्य म्हणायचं? कुठल्या शाळेत?
मी विचारलं, आपला पाळणा सुटायचा कुठून?
जमिनीवरून.
आणि पाटीवर जमिनीचा आकडा काय होता?
तो मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला आणि वही उघडली.

लूपशी मात्र माझंच अडलं.
जोवर एकही खिळा रिकामा, तोवर थांब,
सगळे भरले की फाटक लाव, घरी जा.
तीन ओळी लिहिल्या. चालवल्या.
पडदा हलेना, पंखा घरघरू लागला,
एकपासून दोनशे चाळीस, पुन्हा एकपासून,
पहिले पाढे पंचावन्न.
ऊर्मास वाकून बघतोय, चूक सापडत नाही.
शेवटी म्हणतो, अग्निया, हा एकशे सत्त्याऐंशी
रिकामाच का ठेवलात?

ठेवला नाही. आहे.

येवसेई. फेब्रुवारी होता, छत बसलं.
मी सकाळच्या पाळीपर्यंत दिवेघर उघडं ठेवलं,
कुलूप नंतर दुसऱ्या कुणीतरी लावलं.

ऊर्मासने खुर्ची ओढली. हळू आवाजात शिकवलं,
रिकामं आणि शून्य एक नव्हे,
शून्य हाही एक बिल्लाच असतो.
आणि वाट पाहणाऱ्या लूपला
बाहेर पडायची अट लिहावीच लागते, कुठल्याही भाषेत,
नाहीतर यंत्र तापतं.
माणसाचं काय होतं ते त्याने काढलं नाही. पोरगा शहाणा आहे.

मी अट लिहिली. चालवलं. फाटक लागलं.

मग त्या ओळीच्या वर जाळीचं चिन्ह काढलं
(त्यापुढचं यंत्र वाचत नाही, माणसांसाठी असतं ते)
आणि लिहिलं:
१८७, येवसेई. दिवा अजून जमा नाही.