डावा कान

सव्वीस वर्षं भिंतीकडचा माग डाव्या अंगाला होता,
म्हणून डावा कान आधी गेला.
उजव्यात अजून खटका वाजतो,
पण त्याच्या फटीतून थोडं जग येतं.

सुट्टीच्या दिवशी, अंधार असतानाच,
सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरतो.
झोपेत कुणीतरी तेलुगूत पुटपुटतं;
बहुधा, भाकरी घेतलीस का.
घेतली.

कुंभारी मागं पडेपर्यंत ट्रक, धूळ, चहाच्या टपऱ्या.
मग दर्गनहळ्ळीची वाट. डांबर नावापुरतं.
उजवीकडं उघडा माळ, तिथं वाऱ्याशिवाय कोण बोलणार,
आणि डावीकडं मैलभर वई:
शेर, घायपात, मधेच तरवडाचा पिवळा हट्ट,
सागरगोट्याच्या वेलीनं सगळ्यांना एकत्र टाचलेलं.
थोडी कुणी लावली, थोडी कुणी नुसतीच उगवू दिली.
वईच्या आत करडईची रांग, काट्याला काटा,
आणि तिच्याही आत शाळू, गळ्याएवढा.

जाताना ती मुकी असते.
पानं हलतात, आवाज नाही.
चिमणीची चोच उघडते, मिटते,
कुणीतरी मागाचा पट्टा उतरवून ठेवल्यासारखं.
मी पेडल मारत राहतो. चढ कुठं ते गुडघ्याला पाठ आहे.
जानेवारी हँडलवर येऊन बसलेला,
बोटं आपोआप वाकलेली, कांडी भरताना वाकतात तशी.

गावाच्या अलीकडं एक मोरी आहे.
तिथं भाकरी, शेंगाचटणी, बाटलीतलं गार पाणी.
मग परत.

आणि येताना तीच वई उजवीकडं.
एकदम
सातभाईंचं भांडण. होल्याचं घुमणं.
शेंगेत सुटा झालेला सागरगोटा,
शाळूची पात पातीवर घासते तो आवाज.
सुतालाही असा आवाज असेल कदाचित,
मागानं कधी ऐकू दिला नाही.
कधी कधी मी उतरून नुसताच चालतो,
मागचं चाक टिक् टिक् करतं
तेही ऐकावं म्हणून.

एका खेपेला वईच बोलली:
"काय रं सायकलवाल्या,
जाताना तोंड फिरवून जातोस, येताना दात काढतोस,
कसला माणूस हायस तू?"
आधी खुरपं दिसलं, मग डोईवरचं पोतं, मग निंगव्वा.
पाच सुट्ट्या हाक मारत होती म्हणे.
पाच सुट्ट्या मी तिच्या हाकांवरून
सायकल घातली होती.

मी कान दाखवला. माग सांगितला,
मशीन घ्या म्हणणारा डॉक्टर सांगितला, मशीनची किंमत सांगितली.
ती म्हणाली, "आमचा म्हातारा बी असाच हाय.
पण त्येचं सोंग हाय."
मग काट्यांतून हात घालून कोवळं कणीस दिलं.
बोंडाला रक्ताचा ठिपका होता,
तिचा की माझा, दोघांनीही पाहिलं नाही.

उपाय तिनंच काढला.
आता जाताना, चिंचेच्या अलीकडं,
पुढच्या चाकासमोर एक ढेकूळ येऊन फुटतं.
काळ्या मातीचं. नेम पक्का.
मी ब्रेक दाबतो,
अख्खी सायकल उलटी वळवतो,
तोंड सोलापूरकडं, उजवा कान वईकडं,
आणि म्हणतो, बोल.

"काय नाय," ती म्हणते.
"थांबतोस का बघितलं."

मग पुन्हा वळवतो,
मुक्या बाजूनं पुढं जातो,
टायरच्या खाचेत तिची थोडी माती घेऊन.