देठाचा रंग

सकाळी सातला लवू शिवलकर माडावर चढतो.
कमरेला कोयती, दातांत सुतळीचं टोक,
खांद्यावर घडी घातलेल्या कापडी पिशव्या.
मी खाली. वही, पेन्सिल,
आणि खाडीचा वारा पानं उलटतो म्हणून
वहीवर ठेवलेली कालवाची शिंपी.

माड क्रमांक एकशे अठरा. चौघाटची नारिंगी ठेंगू.
ठेंगू म्हणायचं, पण वय झालं
की तीही दोन माणसांएवढी होतेच.
काल रात्री पोय फुटली आहे.
लवू एकेक नरफूल खुडतो,
साळीच्या दाण्यांसारखी ती माझ्या केसांत पडतात.
मागे उरतात हिरवट बोंडं.
"किती?"
"बावीस."
मी बावीस लिहिते.
मग पिशवी, मग सुतळीची गाठ,
वारा, माशी, शेजारचा माड,
कुणालाच आत वाट नाही.

"माजो बापूस पण हंयच कापी,"
वरून आवाज येतो,
"पण तेका सांजेक पिवक तरी गावत होता."

नर म्हणून बाणवली. तो तिकडे, वाळूच्या कडेला,
समुद्राकडे कलंडलेला.
मागच्या वादळात त्या रांगेतले नऊ गेले,
हा तेवढा उरला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी
चिखलातून जाऊन त्याला पांढरा पट्टा ओढला.
त्याचे पराग ओव्हनमध्ये वाळवतो आम्ही,
टाल्कम पावडरीत मिसळतो, बिनवासाच्या.
लवूला हे पटत नाही.
लग्नात सेंट नको?

मग छोट्या बाटलीतून फुस्स,
ओळीने आठ सकाळी.
झालं.

पुढे वर्षभर फक्त वही.
सात गळाले, कारण लिहायला जागा आहे, कारण नाही.
वानर, दोन.
पिशवी काढली, तारीख.
उतरवले तेरा.
वाळूत आडवे पुरले, त्यातले अकरा रुजले.

आणि इथून काम माझं एकटीचं.
कोंब वीतभर झाला की मी गुडघ्यांवर बसते
आणि देठ बघते.
काशाच्या जुन्या वाटीसारखा तपकिरी असला तर संकर,
चिठ्ठी बांधा, पुढे पाठवा.
नारिंगी असला तर आईचंच आईला लागलं,
कुठेतरी एक नरफूल खुडायचं राहिलं,
किंवा गाठ सैल.
आईवर गेलेलं रोप बाद.

प्रयोगशाळेतल्या मॅडम पानाचा तुकडा खलतात,
डीएनएच्या पट्ट्या वाचतात.
त्यांच्या पट्ट्यांचं आणि माझ्या डोळ्यांचं
शंभरात दोनदा भांडण होतं.
तेव्हा पट्ट्या जिंकतात. बरोबरच आहे.
तरी त्या दोन्ही वेळी मी रोप पुन्हा उचलून
उन्हात धरलेलं असतं.

एकशे अठराची तीन बाद निघाली.
बाद रोपं खड्ड्यात जातात, नियम आहे.
मी दोन टाकली.

आई मालवणच्या बाजारातून नुकतीच आली होती,
टोपली पालथी घालून पाय चोळत बसलेली.
माझ्या चपला वाजल्या की शेजारच्या कुबलवहिनी
अजून तिच्याच नावाने हाक मारतात,
चाल तीच, म्हणतात, खाकरणंसुद्धा.
"ह्येचा काय बिघाडलां?" आईने विचारलं.
मी सांगितलं.
ती रोपाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे,
मग इतकी हसली की तिला खोकला आला.

सुकटाच्या माच्याशेजारी लावलंय तिने.
मासळी धुतलेलं पाणी घालते, मी नको म्हणते, ऐकत नाही.
रोज एकदा विचारते, किती धरील गो हा?
मी केंद्रात अठरा वर्षं आहे,
आणि हा माड कुठल्याच वहीत नाही.
बघूया, म्हणते.
देठावर ऊन पडलंय. नारिंगी.