झाकण

वडणग्याच्या शाळेत लाल गाडी उभी करून
मी फळ्यावर त्रिकोण काढतो : इंधन, हवा, उष्णता.
एक बाजू पुसली की आग मेली.
पोरं माना डोलावतात, लक्ष गाडीच्या घंटेत.

मला हा त्रिकोण पुस्तकाआधी भेटला,
बाळगोंडाअण्णांच्या गुऱ्हाळावर,
इलाहीमामा चुलवाणात चिपाड सारायचा तेव्हा.
धुराड्याकडं बघून सांगायचा
जाळाचं पोट बरं हाय की बिघडलंय.
धूर काळा आला की हात आखडायचा :
"तोंडात घास कोंबलाय लेका, श्वास कुठनं घ्यावा त्यानं?"
ओलं चिपाड तळव्यावर तोलायचा :
"आदी ह्यातलं पाणी उकळणार, मग हे पेटणार.
तवर सगळी धग पाण्याच्या बापाची."

एका रात्री वारं फिरलं.
ठिणगी वाळत टाकलेल्या चिपाडात पडली.
माणसं कळशा घेऊन पेटल्या ढिगाकडं धावली,
मामा उलटा, न पेटलेल्या गंजीकडं.
दाताळ्यानं ओढत राहिला, ओढत राहिला,
मधे बैलगाडी जाईल एवढी माती उघडी पडेपर्यंत.
आग मातीपाशी आली,
खायला काही दिसेना, तिथंच बसली.
काहिलीतलं आधण तेवढं करपलं.
तो काळा गूळ आम्ही शिमग्यापर्यंत खाल्ला.

मैदानावर आता कढईतलं तेल पेटवतो.
पोषण आहाराच्या शालनताई सवयीनं तांब्या घेऊन पुढं येतात.
मनगट धरतो त्यांचं. पाणी नको, ताई.
पाणी तेलाच्या तळाशी जाईल, क्षणात वाफ होईल,
आणि पेटतं तेल छताला नेऊन लावेल.
आधी गॅस बंद.
मग झाकण, वरून टाकायचं नाही,
आपल्याकडून पलीकडं सरकवत न्यायचं.
जाळ आतल्या आत धडपडतो, गप होतो.
"सर, बघू?" एक पोरगं हात पुढं करतं.

सीपीआरमध्ये मामाच्या तोंडावर मास्क होता.
आयुष्यभराचा धूर छातीत.
मी म्हटलं, हवा चालू आहे मामा, घाबरू नका.
मास्क जरा वर करून हसला :
"नुसती हवा घालून काय हुणार?
जळाण सपलंय."

नको रे, मी पोराला म्हणतो.
जाळ गेला, धग अजून आत आहे.
हवा दिलीस तर पुन्हा उठेल.
शालनताई तांब्यातलं पाणी पिऊन टाकतात.
आम्ही सगळे उन्हात उभे,
कढई निवायची वाट बघत.